राव, तुम्ही कुठले?

बंगळूरच्या इंदिरानगरात हंड्रेड फीट रोडच्या आतल्या गल्लीत आमची इमारत. जिन्याखाली टपालपेट्यांची रांग आहे आणि त्यातल्या चार पेट्यांवर एकच आडनाव: राव. मराठी माणूस परगावी जे करतो तेच मी केलं, एकेकाला गाठून गाव विचारलं. पहिले गुंटूरचे, तेलुगू. दुसरे मंगळुरी, घरात कोंकणी. तिसरे कन्नड माध्व, गुरुवार न चुकवता राघवेंद्र स्वामींच्या मठात जाणारे. चौथे आजोबा माझ्याकडे बघून हसले. ‘‘आम्ही मराठीच. तंजावरचे.’’

आपल्याकडे राव हे सहसा आडनाव नसतं. ते नावाचं शेपूट. बाजीराव, माधवराव, सासरचे रावसाहेब. आणि पारावर बसलेल्या मित्राला ‘काय राव!’ म्हणायला तर नावही लागत नाही. संस्कृतातला राजा प्राकृतात राय झाला आणि मराठीत राव. कन्नडने राय धरून ठेवला, म्हणून कृष्णदेवराय, आणि म्हणूनच मंत्रालयचे राघवेंद्र स्वामी भक्तांचे ‘रायरु’. हे शेपूट तुटून सुटं कुठे झालं, हे पाहायचं तर दक्षिणेकडे उतरावं लागतं.

विजापूरकरांनी बंगळूर घेतलं आणि १६३८च्या सुमारास ते शहाजीराजांच्या जहागिरीत आलं. जयराम पिंड्ये या कवीने त्यांच्या दरबारावर ‘राधामाधवविलासचंपू’ रचलं, त्यात संस्कृतापासून अनेक भाषांतली कवनं आहेत. इतिहासकार राजवाड्यांनी ते १९२२ साली छापलं. म्हणजे या शहराची बहुभाषिकता सॉफ्टवेअर कंपन्यांनी आणली, असं कुणी म्हणालं तर त्याला चंपू दाखवावं. शहाजीराजांचे धाकटे चिरंजीव व्यंकोजी पुढे तंजावरला गादीवर बसले. त्यांच्यामागोमाग गेलेली कारकून, शिपाई, कीर्तनकार मंडळी तमिळ मुलखात रुजली. शेजारी त्यांना ‘रायर’ म्हणू लागले.

१८५५ साली तंजावरची गादी बुडाली. राव मात्र इंग्रजी दफ्तरात शिरला. दक्षिणेत नावाआधी आद्याक्षरं आणि गाव, शेवटी आडनाव नाहीच. इंग्रजी कागदावर शेवटचा शब्द म्हणजे आडनाव, त्यामुळे शेपूटच घराण्याचं नाव होऊन बसलं. कुंभकोणमला १८२८ साली जन्मलेले सर टी. माधवराव त्रावणकोर, इंदूर आणि बडोदा अशा तीन संस्थानांचे दिवाण झाले. त्यांच्या नावातला ‘टी’ तंजावरचा. त्यांचे पुत्र टी. आनंदराव १९०९ ते १९१२ म्हैसूरचे दिवाण होते. इंग्रजी पाटीवर बाप-लेक दोघेही मिस्टर राव. पी. व्ही. नरसिंह राव तेलुगू. पण हरिभाऊ आपट्यांची ‘पण लक्षात कोण घेतो’ त्यांनी तेलुगूत नेली, रामटेकमधून लोकसभेत गेले, आणि मराठी छापात ते कधी ‘नरसिंह राव’ तर कधी ‘नरसिंहराव’.

अमेरिकेत इतिहासकार हर्बर्ट बोल्टनने १९२१ साली ‘द स्पॅनिश बॉर्डरलँड्स’ लिहून सीमेची रेघ पुसली, तिथे एक रुंद पट्टा दाखवला. मराठी आणि दक्षिणी भाषांमधला तसाच पट्टा आमच्या जिन्याखाली चार पेट्यांत मावला आहे.

याच शहरात १९५० साली शिवाजीराव गायकवाड जन्मला, बसचा कंडक्टर झाला, आणि १९७५ साली तमिळ पडद्यावर आला तेव्हा शिवाजी, राव, गायकवाड तिन्ही गळून रजनीकांत उरला. आजोबांना हे सांगितलं तर म्हणाले, ‘‘त्याने टाकला. आमच्याकडून पासपोर्टवाल्यांनी तोडून घेतला.’’ त्यांच्या कागदांवर नाव एका रकान्यात आणि राव दुसऱ्या.

मॅजेस्टिकजवळच्या चौकाला दिवाण आनंदरावांचं नाव आहे. पाटीवर इंग्रजीत ‘आनंद’ आणि ‘राव’ यांच्यामध्ये जागा सोडलेली. बसमध्ये मात्र कंडक्टर एका दमात ओरडतो, ‘‘आनंदराव सर्कल!’’, आणि त्याच्या तोंडी ती जागा भरून जाते.