द क्वेअर फेलो
आयरिश नाटककार ब्रेंडन बीअन यांचे तुरुंगनाट्य. पहिला प्रयोग १९५४, पाइक थिएटर, डब्लिन. दिग्दर्शिका जोन लिटलवुड यांच्या १९५६ च्या लंडनमधील प्रयोगाने ते गाजले. फाशीच्या आदल्या दिवशीचा डब्लिनचा तुरुंग. ज्याला फाशी व्हायची तो मात्र रंगमंचावर येतच नाही. शिक्षा टळणार की नाही यावर कैदी पैज लावतात; पहारेकरी एका म्हाताऱ्या कैद्याच्या दुखऱ्या पायाला स्पिरिट चोळत असताना तो कैदी त्याच बाटलीतून गुपचूप घोट घेतो. बीअन स्वतः माउंटजॉय तुरुंगात राहिलेले. बाटलीचा हा बारकावा तिथलाच असावा. २०२३ मध्ये, बीअन यांच्या जन्मशताब्दीनिमित्त, दिग्दर्शक टॉम क्रीड यांनी ॲबी थिएटरमध्ये त्याचे पुनरुज्जीवन केले. पुरुषपात्रांच्या या नाटकात त्यांनी स्त्री व नॉन-बायनरी नट घेतले. धाडस खरे, पण संहितेतल्या काळ्या विनोदाला साजेसे.