व्हिक्टोरिया राणीच्या काळातील चित्रे आणि त्यांतील कुत्री

भारतातून पाहुणे आले की आपण त्यांना ट्रफाल्गर चौकात नेतो आणि सिंहांपाशी फोटो काढतो. १८६७ साली बसवलेले ते चार ब्राँझचे सिंह सर एडविन लँडसीअर (१८०२–१८७३) यांचे. पण लँडसीअर मुळात चित्रकार, आणि घराघरांत पोचले ते कुत्र्यांच्या चित्रांमुळे.

त्याआधी इंग्लिश चित्रांत कुत्री नव्हती असे नाही. पण जॉर्ज स्टब्ससारखे अपवाद सोडले तर ती असायची शिकारीच्या ताफ्यात, नाहीतर मालकाच्या पायाशी. लँडसीअरनी कुत्र्यालाच नायक केले. काळही अनुकूल होता. आज आरएसपीसीए म्हणून ओळखली जाणारी संस्था १८२४ मध्ये निघाली, आणि १८३५ च्या कायद्याने कुत्र्यांच्या झुंजींवर बंदी आली. राणी स्वतः कुत्र्यांची भारी शौकीन. तिचा स्पॅनिएल डॅश आणि प्रिन्स अल्बर्टची ग्रेहाउंड इऑस, दोघांची चित्रे लँडसीअरनीच काढली.

एकच चित्र पाहायचे असेल तर 'द ओल्ड शेपर्ड्स चीफ मोर्नर' (१८३७) पाहा. ते व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमच्या संग्रहात आहे. आकार जेमतेम दीड फूट बाय दोन फूट. साधीशी खोली, मध्ये शवपेटी, तिच्यावर घोंगडी. स्टुलावर बायबल आणि चष्मा, जमिनीवर काठी आणि टोपी. माणूस एकही नाही. म्हातारा मेंढपाळ एकटाच राहत होता, हे न सांगता कळते. शवपेटीवर हनुवटी टेकून बसलेला कुत्रा, बस्स. जॉन रस्किनने या चित्राची तोंडभरून स्तुती केली होती.

लँडसीअरची सगळीच चित्रे इतकी संयमी नाहीत. 'डिग्निटी अँड इम्प्युडन्स' (१८३९) मध्ये भारदस्त ब्लडहाउंडशेजारी चिमुकला टेरिअर आगाऊपणे डोकावतो. गंमत वाटते, पण ती दोन माणसेच आहेत, कुत्र्याचे कातडे पांघरलेली! मेंढपाळाचा कुत्रा मात्र कुत्राच राहतो, म्हणून तो जास्त लागतो. पुढे ब्रिटन रिव्हिएर (१८४०–१९२०) यांनी ही परंपरा चालवली.

शतकाच्या शेवटचे चित्र मात्र आपण सर्वांनी पाहिले आहे. फ्रान्सिस बॅरॉडने आपल्या दिवंगत भावाचा कुत्रा निपर १८९८ मध्ये रंगवला, निपर गेल्यावर तीन वर्षांनी. मूळ चित्रात तो फोनोग्राफ ऐकत होता. १८९९ मध्ये ग्रामोफोन कंपनीने ते एकूण १०० पौंडांना घेतले, अट अशी की यंत्र बदलून आमचा ग्रामोफोन दाखवा. इंजिनिअरच्या नजरेतून इथे एक घोटाळा आहे: फोनोग्राफवर घरच्या घरी आवाज भरता येई, ग्रामोफोनवर नाही. मग धन्याचा आवाज तबकडीत आला कुठून? पण हा प्रश्न कोणाला पडला नाही, आणि 'हिज मास्टर्स व्हॉइस' हे चित्र एचएमव्हीच्या तबकड्यांवरून, आपल्या भावगीतांसकट, थेट महाराष्ट्रातल्या घरांत पोचले.

निपरला पुरले ते लंडनजवळच्या किंग्स्टनमध्ये. २०१० साली तिथल्या एका गल्लीला 'निपर अ‍ॅली' असे नाव देण्यात आले.