दुचाकीची चेन घरी कशी बदलायची? खरेदीपासून लॉक बसवण्यापर्यंत सगळं काही

जळोचीच्या उपबाजारात माल घेऊन येणारा शेतकरी असो, एमआयडीसीत पाळीला जाणारा कामगार असो किंवा दोन्ही बाजूंना दुधाचे कॅन अडकवून निघालेला गवळी. बारामती-इंदापूर भागात १०० ते १२५ सीसीची मोटारसायकल ही कामाची गाडी आहे. ऊसतोडीच्या हंगामात रस्त्यावरची धूळ, पावसाळ्यात शेतरस्त्याची काळी माती आणि वर्षभर मागे ओझं. याचा मार सगळ्यात आधी चेनला बसतो.

झिजलेली चेन धावत्या गाडीत तुटली, तर ती स्प्रॉकेटमध्ये अडकून मागचं चाक जाम होऊ शकतं किंवा इंजिनच्या केसिंगला तडा जाऊ शकतो. त्यामुळे चेन वेळेत बदलणं गरजेचं आहे. थोडी हत्यारं आणि दीड-दोन तास असतील, तर हे काम घरच्या अंगणातही होतं.

चेन 'लांबते' म्हणजे काय होतं?

चेनचं लोखंड ताणलं जात नाही. प्रत्येक कडीच्या सांध्यात एक पिन आणि तिच्याभोवती बुश असतो. धूळ-माती आत गेली की हे दोन्ही घासले जातात. एका सांध्यात फक्त ०.१ मिलिमीटर झीज झाली, तरी ११२ कड्यांच्या चेनची लांबी ११ मिलिमीटरने वाढते. अशी चेन स्प्रॉकेटच्या दातांवर नीट बसत नाही आणि दातही झिजवते.

चेन बदलायची वेळ झाली, हे कसं ओळखाल?

चेन थोडी ताणून धरा आणि एका पिनच्या मध्यापासून पुढच्या विसाव्या पिनच्या मध्यापर्यंत मोजा. ४२८ नंबरच्या नव्या चेनमध्ये हे अंतर २५४ मिलिमीटर असतं. ते २५९ च्या आसपास गेलं असेल, तर चेन संपली. मागच्या स्प्रॉकेटवरून चेन मागे ओढल्यावर अर्धा दात उघडा पडत असेल, काही कड्या आखडल्या असतील किंवा दात एका बाजूला वाकून टोकदार झाले असतील, तरी तोच निष्कर्ष.

कोणती चेन घ्यायची?

चेनवरचा नंबर नीट वाचा. '४२८ एच' मध्ये पहिला आकडा ४ म्हणजे दोन पिनांमधलं अंतर ४/८ इंच, म्हणजेच १२.७ मिलिमीटर. २८ हा आकडा आतल्या रुंदीचा. 'एच' म्हणजे जाड पट्ट्यांची, दणकट चेन. १०० ते १२५ सीसीच्या बहुतेक गाड्यांना ४२८ लागते, मोठ्या गाड्यांना ५२० किंवा त्याहून रुंद.

दुसरी गोष्ट म्हणजे कड्यांची संख्या. ती गाडीच्या पुस्तिकेत असते. नाहीतर जुन्या चेनच्या कड्या मोजा. आतली आणि बाहेरची कडी वेगवेगळी धरायची.

तिसरी गोष्ट, शक्यतो नुसती चेन घेऊ नका. पुढचं स्प्रॉकेट, मागचं स्प्रॉकेट आणि चेन असा पूर्ण सेट घ्या. झिजलेल्या दातांवर नवी चेन टाकली की तीही लवकर जाते आणि वाचवलेले पैसे दुप्पट होऊन खर्च होतात.

चेन कशी बसवायची?

१. गाडी सपाट जागी मेन स्टँडवर लावा. न्यूट्रल करा, किल्ली काढून खिशात ठेवा. चाक फिरवायचं ते हातानेच. इंजिन चालू ठेवून चेनला हात लावू नका. बोटं तुटण्याचे अपघात असेच होतात.

२. चेन कव्हर आणि पुढच्या स्प्रॉकेटचं झाकण काढा. पुढचं स्प्रॉकेट बदलायचं असेल, तर चेन असतानाच मागचा ब्रेक दाबून त्याचे बोल्ट सैल करा. चेन निघाल्यावर ते जागेवर फिरत राहतात.

३. मागचा एक्सल नट सैल करा. अनेक गाड्यांना त्याच्या आत आणखी एक स्लीव्ह नट असतो, तोही सैल करावा लागतो. मग दोन्ही अॅडजस्टर सैल करून चाक पुढे ढकला.

४. लॉकची क्लिप पकडीने काढून चेन सोडवा आणि स्प्रॉकेट बदला. मागच्या स्प्रॉकेटसाठी चाक काढावं लागतं. तेवढा सराव नसेल, तर हे काम गॅरेजमध्ये करून घ्या. चेनला क्लिपचं लॉक नसेल, ती रिव्हेट केलेली असेल, तरीही गॅरेजच बरं.

५. नवी चेन ओवा आणि तिची दोन्ही टोकं मागच्या स्प्रॉकेटच्या दातांवर आणा. तिथे ती हलत नाहीत. लॉकची कडी आतून घाला, बाहेरून पट्टी बसवा आणि क्लिप लावा.

क्लिपची दिशा इथे सगळ्यात महत्त्वाची. क्लिप माशासारखी दिसते. बंद बाजू तोंड, फाटलेली बाजू शेपूट. चेन ज्या दिशेने पळते, त्या दिशेला माशाचं तोंड हवं. म्हणजे लॉक वरच्या बाजूला असताना बंद टोक इंजिनकडे. उलटी लावलेली क्लिप कशाला तरी घासून निघू शकते.

ताण किती ठेवायचा?

खालच्या चेनच्या मध्यावर बोटाने वर-खाली करून पाहा. १००-१२५ सीसीच्या अनेक गाड्यांना साधारण २० ते ३० मिलिमीटर खेळ लागतो. नेमका आकडा पुस्तिकेतून घ्या. चाक फिरवत चार ठिकाणी तपासा आणि जिथे चेन सर्वात घट्ट लागते, तिथला खेळ धरा. दोन्ही बाजूंच्या अॅडजस्टरच्या खुणा सारख्या हव्यात, नाहीतर चाक तिरकं बसतं.

चेन फार घट्ट ठेवू नका. मागे ओझं टाकल्यावर शॉक दबतात आणि चेन आणखी ताणली जाते. त्याचा भार गिअरबॉक्सच्या बेअरिंगवर येतो.

नट आवळल्यावर खेळ पुन्हा मोजा. स्प्लिट पिन असेल, तर नवी घाला.

ब्रेक तपासल्याशिवाय गाडी बाहेर काढू नका

ही पायरी हमखास विसरली जाते. नव्या चेनसाठी चाक पुढे सरकतं आणि ड्रम ब्रेकचा रॉड सैल पडतो. पायाचा ब्रेक पूर्ण दाबला तरी गाडी थांबत नाही, असं होऊ शकतं. रॉडचा नट फिरवून पॅडलचा खेळ पुस्तिकेप्रमाणे करा, मागचा दिवा लागतो का पाहा आणि आधी गल्लीतच हळू चालवून ब्रेक तपासा.

नंतरची काळजी

पहिल्या काही दिवसांनी ताण पुन्हा बघा. धूळ-चिखलातून रोज जाणं असेल, तर चेन वरचेवर रॉकेलने पुसून कोरडी करा आणि ९० नंबरचं गिअर ऑइल किंवा चेन ल्यूब लावा. इंजिनमधून काढलेलं जळकं ऑइल फुकट मिळतं खरं, पण त्यात धातूचे कण असतात आणि तेच सांध्यात जाऊन नवी चेन झिजवतात.