दात्याच्या घरचा कवी

वाशीम जिल्ह्यातले शिरपूर जैन म्हटले की अधांतरी भासणारी अंतरिक्ष पार्श्वनाथाची मूर्ती डोळ्यांपुढे येते. अशा तीर्थाला आलेला भाविक काही ना काही दान करतोच. जैन परंपरेने दानाचे चार प्रकार सांगितले आहेत : आहार, औषध, अभय आणि शास्त्र. यातले शास्त्रदान म्हणजे ग्रंथाची नक्कल करवून ती मुनींना किंवा मंदिराला अर्पण करणे. आज पुस्तकाची नक्कल म्हटली की मोबाइलवर फुकट फिरणारी पीडीएफ आठवते आणि लेखकाच्या पोटावर पाय आला, असे आपण म्हणतो. त्या काळी मात्र नक्कल हे पुण्यकर्म होते. मग लेखक जगत कसा होता?

याचे उत्तर शोधायला फार लांब जायला नको. याच जिल्ह्यात कारंजा आहे. तिथल्या जैन मंदिरांतल्या ग्रंथभांडारांत शेकडो हस्तलिखिते जपली गेली. मध्यप्रांत-वऱ्हाडातल्या संस्कृत-प्राकृत हस्तलिखितांची रायबहादूर हिरालाल यांनी केलेली मोठी सूची 1926 साली नागपुरात छापली गेली आणि या भांडारांकडे विद्वानांचे लक्ष गेले. तिथे सापडलेल्या पोथ्यांत एक मोठा कवी होता, पुष्पदंत. अपभ्रंश भाषेत लिहिणारा, दहाव्या शतकातला. तो मूळचा वऱ्हाडचा असावा, असेही काही अभ्यासकांना वाटते.

हा गृहस्थ मोठा मानी. ‘अभिमानमेरू’ असे बिरुदच तो स्वतःला लावतो. एका दरबाराला विटून, थकूनभागून तो राष्ट्रकूटांच्या राजधानीबाहेर, मान्यखेटच्या उपवनात येऊन पडला होता. तिसऱ्या कृष्णाचा मंत्री भरत याने त्याला सन्मानाने घरी नेले. तिथे राहून त्याने 959 मध्ये महापुराण लिहायला घेतले आणि 965 मध्ये पुरे केले. मधेच मन उडाले तेव्हा भरतानेच समजूत घालून त्याला पुन्हा लिहायला बसवले. भरतानंतर त्याचा मुलगा नन्न याने कवीला सांभाळले. सहा वर्षांचे अन्नवस्त्र, छप्पर आणि स्वस्थता, हे त्याचे मानधन. ते काम चालू असताना मिळाले, काम विकल्यावर नव्हे. पुढे कोणी किती प्रती केल्या याचा त्याच्या ताटाशी संबंध नव्हता. नकलेचे पैसे मिळत ते लेहियाला, आणि ते शास्त्रदान करणारा देई.

नक्कल करताना भरही पडे. पुष्पदंताच्या ‘जसहरचरिउ’मध्ये गंधर्व नावाच्या कवीने सुमारे साडेतीनशे वर्षांनी काही प्रसंग घातले, आणि हे माझे आहेत असे प्रामाणिकपणे नोंदवूनही ठेवले. आजच्या ‘फॉरवर्ड’ संस्कृतीत मूळ लेखकाचे नावच गळून पडते, तिथे हा सातशे वर्षांपूर्वीचा सरळपणा नजरेत भरतो.

या व्यवस्थेला किंमत होतीच. मानी पुष्पदंतालाही महापुराणाच्या संधीसंधीला भरताचे नाव गुंफावे लागले. आणि ज्यांना भरत भेटला नाही, त्या कवींची नावे आपल्याला ठाऊकही नाहीत.

छापखाना आला आणि हिशेब बदलला. पुस्तकाची प्रत करणे हे भांडवलाचे काम झाले, म्हणून प्रत्येक प्रतीमागे लेखकाला वाटा मागता आला. कंपनी सरकारने 1847 मध्ये लेखकाच्या हक्काचा कायदा केला. तरी मराठी लेखकाला बाजार एकदम तारणार नव्हता. 1851 मध्ये पेशव्यांच्या दक्षिणा निधीतून ग्रंथांना बक्षिसे देणारी दक्षिणा प्राइझ कमिटी नेमली गेली, ती याच गरजेतून. म्हणजे पुन्हा दाताच! आजचा कायदा 1957 चा; लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षे हक्क राखणारा.

हा कायदा पदपथावर नकली प्रती विकणाऱ्याला पकडू शकतो. हजार मोबाइलांवर पोचलेली पीडीएफ तो कशी परत आणणार? साधा हिशेब करून पाहा. तीनशे रुपयांचे पुस्तक, दहा टक्के मानधन आणि हजाराची आवृत्ती. सगळ्या प्रती खपल्या तर लेखकाच्या हाती तीस हजार रुपये. चार-पाच वर्षे खपून लिहिलेल्या चरित्राचे हे मोल! त्यातल्या दोनशे प्रती पीडीएफने खाल्ल्या तर प्रकाशक दुसऱ्या आवृत्तीचा विचारच सोडून देतो. चटका बसतो तो अनुवादकाला, संशोधकाला. खपणारी कादंबरी लिहिणारा कसाबसा तरून जातो.

माझ्या मते इथे पोलिसांपेक्षा भरताची गरज जास्त आहे. फक्त तो एकच मंत्री नको, पुष्कळ हवेत. म्हणजे कोणा एकाचे नाव पानोपानी गुंफावे लागणार नाही. छपाईआधीच पैसे भरणारे वाचक, अभ्यासवृत्ती देणाऱ्या संस्था असा तो विभागलेला भरत. कारंजाने हे केलेले आहे. डॉ. प. ल. वैद्य यांनी संपादित केलेले ‘जसहरचरिउ’ 1931 मध्ये तिथूनच, अंबादास चवरे यांच्या नावे चालणाऱ्या ग्रंथमालेत निघाले. तसे पुस्तक बाजाराच्या भरवशावर निघाले नसते.

आणखी एक वाट ग्रंथालयांची आहे. पुस्तक एकदा विकत घेतले जाते आणि शंभर घरी वाचले जाते. त्या वाचनाचा मोबदला लेखकाला सरकारने द्यावा, ही पद्धत डेन्मार्कने 1946 मध्ये सुरू केली. ब्रिटनने 1979 मध्ये तसा कायदा केला. महाराष्ट्राचा सार्वजनिक ग्रंथालय कायदा 1967 चा आहे. त्यात ग्रंथालयांच्या अनुदानाची सोय आहे. लेखकाच्या या वाट्याची नाही.

(रेडिओवरील भाषणाचे संपादित रूप)