गोल टोकांची पेनं

फाउंटन पेनांचा संग्रह सुरू करायचा म्हटलं की पहिला प्रश्न ब्रँडचा येतो. पार्कर की शेफर? जर्मन की जपानी? माझ्या मते नव्या माणसाने ब्रँड बाजूला ठेवावा आणि एक आकार पकडावा: दोन्ही टोकांना निमुळता होत जाणारा, सिगारसारखा गोल आकार. आजही कुणाला फाउंटन पेनाचं चित्र काढायला सांगितलं तर तो बहुधा हाच आकार काढेल. पण हा आकार मुळात शोभेसाठी आलेला नाही. ते एका तक्रारीवरचं उत्तर होतं.

तक्रार समजायला १९२० च्या दशकात जावं लागेल. त्या काळचं सगळ्यात गाजलेलं पेन म्हणजे पार्करचं ड्युओफोल्ड. १९२१ साली बाजारात आलं, किंमत सात डॉलर, रंग भडक लाल-केशरी. टोपणाचा माथा सपाट आणि मागचं टोकही सपाट, म्हणजे जवळजवळ एक दंडगोलच. लोक लिहिताना टोपण पेनाच्या मागे लावत. आता गणित बघा. आधीच जाड असलेलं पेन, त्याच्या पार शेपटाला टोपणाचं वजन. दोन ओळी लिहायला काही वाटत नाही, पण दिवसभर खातेवह्या भरणाऱ्या माणसाचा हात मागे ओढला जाणारच.

उत्तर आलं आयोवा राज्यातल्या फोर्ट मॅडिसन या छोट्या गावातून. तिथल्या वॉल्टर शेफर नावाच्या जवाहिऱ्याने १९०८ मध्ये लिव्हरने शाई भरण्याच्या युक्तीचं पेटंट घेतलं होतं. पुढे त्याच्या कंपनीने १९२४ मध्ये पेनाच्या बॉडीसाठी सेल्युलॉइड वापरायला सुरुवात केली. तोवर पेनं प्रामुख्याने काळ्या कडक रबराची म्हणजे एबोनाइटची असत. सेल्युलॉइडमुळे हिरव्या जेडसारखे चकचकीत रंग शक्य झाले.

आणि १९२९ मध्ये शेफरने दोन्ही टोकं निमुळती करून टाकली. पेनाचं नावच ठेवलं 'बॅलन्स'. निमुळती पेनं त्याआधी झालीच नव्हती असं नाही, पण सगळा बाजार फिरवला तो याने. टोकांकडचं बिनकामाचं वजन काढून टाका, म्हणजे तोल अंगठा आणि तर्जनीच्या बेचक्यात राहील, एवढंच त्यामागचं तर्कशास्त्र. थोडक्यात, कोड रिफॅक्टर केला! पुढच्या काही वर्षांत पार्करसकट बहुतेक कंपन्यांनी सपाट टोकं सोडली. त्यात १९३० चं दशक म्हणजे स्ट्रीमलाइनिंगचं वेड. विमानं, आगगाडीची इंजिनं, मोटारी, सगळंच गुळगुळीत होत होतं. पेन त्या लाटेत सहज बसलं.

मजा अशी की एक बग काढताना दुसरा शिरला. टोपणाचा माथा निमुळता झाल्यामुळे क्लिप खाली सरकली आणि पेन खिशातून वर डोकावायला लागलं. एरवी कुणाला फरक पडत नव्हता, पण दुसऱ्या महायुद्धात पडला. गणवेशाच्या खिशाची झडप बंद होऊन बटण लागलं पाहिजे, हा लष्करी नियम. मग कंपन्यांनी टोपणाच्या माथ्यावरून वळसा घालून येणारी क्लिप बनवली. जुन्या बाजारात 'मिलिटरी क्लिप' म्हणून विकतात ती हीच.

आता संग्रहाकडे येऊ. माझ्या यादीत पाचच पेनं आहेत.

पहिलं अर्थातच शेफर बॅलन्स. ते जुनंच घ्यावं लागतं, त्यामुळे पारखून घ्या. आतली शाईची पिशवी रबराची असते आणि त्या रबरातून निघणाऱ्या वायूंनी फिकट सेल्युलॉइड काळवंडतं. जेड रंगाच्या पेनाचं टोपण हिरवं आणि खालचा भाग तपकिरी दिसला तर समजा की तो डाग धुऊन जाणारा नाही. फुटलेली पिशवी मात्र बदलता येते. म्हणजे बिघाडाला घाबरू नका, रंगाला घाबरा.

दुसरं पार्कर ५१. नाव १९३९ चं, कारण ते कंपनीचं ५१ वं वर्ष. अमेरिकेत रीतसर विक्री १९४१ पासून. यात गोलाई इतकी पुढे गेली की निबसुद्धा आत झाकली गेली. कारण पुन्हा व्यवहारी. पार्करला झटपट वाळणारी शाई वापरायची होती. ती उघड्या निबवरच वाळली असती, म्हणून निब झाकली. शिवाय ती शाई सेल्युलॉइडला मानवणारी नव्हती, म्हणून बॉडी ल्युसाइट या नव्या प्लास्टिकची. हे पेन लाखोंनी बनलं, त्यामुळे आजही चालू स्थितीत सापडतं.

तिसरं १९५२ चं माँब्लाँ १४९. जाडजूड, काळं, दोन्ही टोकं गोल. जुन्या पद्धतीत त्या आकड्यालाही अर्थ होता: १ म्हणजे माइस्टरश्टुक ही वरची श्रेणी, ४ म्हणजे पिस्टनने शाई भरणारं आणि ९ म्हणजे निबचा आकार. किंमत मात्र अशी की सुरुवातीला दुकानात हातात धरून बघितलं तरी पुरे. संग्रहातली एक जागा रिकामी राहिली म्हणून काही बिघडत नाही.

चौथं जपानी. प्लॅटिनमचं ३७७६ हे १९७८ चं, नाव फुजी पर्वताच्या उंचीवरून. (माँब्लाँच्या निबवर ४८१० कोरलेलं असतं. पेनवाल्यांना डोंगरांचं काय आकर्षण आहे कोण जाणे!) किंवा पायलटचं कस्टम ७४ घ्या. कंपनीची स्थापना १९१८ ची, त्यात ७४ मिळवा, आलं १९९२. व्हर्जन नंबर असावा तर असा. दोन्ही नवीकोरी मिळतात आणि दोन्ही सोन्याच्या निबची आहेत. रोज ऑफिसात नेण्याचं पेन यातलंच.

आणि पाचवं? पाचवं सपाट टोकांचं. हो, गोल पेनांच्या संग्रहात एक सपाट हवंच. ड्युओफोल्ड परवडत नसेल तर कुठलंही जाड, सपाट माथ्याचं पेन चालेल. टोपण मागे लावून त्याने दोन पानं लिहा, मग तसंच बॅलन्सने लिहा. तुमच्या हाताला फरक कळला तर शेफरचा दावा खरा. नाही कळला, तर ती जाहिरात होती असं खुशाल म्हणा. निकाल काहीही लागो, तो तुमचा स्वतःचा असेल. मला स्वतःला फरक जाणवतो, पण टोपण मागे लावलं तरच. न लावता लिहिणाऱ्याला बहुधा काहीच जाणवणार नाही.

म्हणूनच ही पेनं काचेच्या कपाटात ठेवायला माझा विरोध आहे. फोर्ट मॅडिसनचा कारखाना २००८ मध्ये बंद झाला. शेफरची मालकी आधी बिककडे, मग २०१४ मध्ये क्रॉसकडे आणि २०२२ मध्ये चक्क बंगळुरूच्या विल्यम पेन कंपनीकडे आली. नाव हात बदलत राहतं. पण १९२९ साली कुणीतरी हाताच्या त्रासाचा विचार करून जो आकार केला, तो बरोबर होता की नाही हे ठरवायला तेव्हाचं पेन आणि आजचा हात लागतो. तेव्हा बजेट कमी असेल तर एकच पेन घ्या, पण त्यात शाई भरा.