कोटगडचें सफरचंद

श्रावण-भाद्रपदांत मुंबई-पुण्याच्या बाजारांत ‘सिमल्याचीं’ म्हणून सफरचंदें येतात. त्यांच्या कुळीचा शोध घेऊं गेल्यास सतलजच्या खोऱ्यावरील, सहा हजार फुटांहून उंच अशा कोटगडच्या डोंगरउतारांवर जावें लागतें. आणि तेथें बागाइतीबरोबर बेगारीचाही इतिहास हातीं लागतो.

हिमालयांत सफरचंद लावण्याचे प्रयोग इंग्रजी अमदानींत आधींच झाले होते. १८७० सालीं कॅप्टन ली यांनीं कुलू खोऱ्यांतील बंद्रोल येथें बाग लावली. १८८७ सालीं अलेक्झांडर कूट्स यांनीं सिमल्यानजीक मशोब्रा येथें. परंतु ते इंग्रजी वाण बहुधा आंबट असत. साहेबांच्या मेजावर ते शोभले, तरी देशी ग्राहकाच्या जिभेस रुचले नाहींत.

सॅम्युएल स्टोक्स हे फिलाडेल्फियाच्या सधन घराण्यांतील तरुण १९०४ सालीं हिंदुस्थानांत आले. प्रथम त्यांनीं सुबाथू येथें कुष्ठरोग्यांची सेवा केली. पुढें कोटगडला स्थायिक होऊन १९१२ सालीं तेथील मुलीशीं विवाह केला व शेती धरली. शेजाऱ्यांचे हाल त्यांनीं जवळून पाहिले. पीक तुटपुंजें, त्यांत ऐन सुगीच्या दिवसांतही सरकारी अधिकाऱ्यांचें सामान हिंदुस्थान-तिबेट रस्त्यानें पाठीवर वाहून नेण्याची सक्ति. हीच बेगार. स्टोक्स यांनीं तिच्याविरुद्ध लोकांना उभें केलें आणि १९२१ सालीं कोटगडकरांनीं ती झुगारून दिली. त्याच वर्षाअखेर असहकारितेच्या चळवळींत त्यांना कारावास घडला.

दुसरें काम शांतपणें चाललें होतें. १९१६ सालीं त्यांनीं अमेरिकेंतून ‘रेड डेलिशस’ या लाल व गोड वाणाचीं कलमें आणून लावलीं. झाडें फळांस येतांच त्यांनीं शेजाऱ्यांस कलमें दिलीं, लागवड शिकविली. त्यामुळें हें पीक एकट्या मळेवाल्याचें न राहतां घरोघरच्या शेतकऱ्याचें झालें. माणसांच्या व खेंचरांच्या पाठीवरून फळें सिमल्याकडे जाऊं लागलीं. ज्या रस्त्यानें परक्याचें ओझें सक्तीनें वाहिलें, त्याच रस्त्यानें स्वतःचा माल विक्रीस निघाला.

१९३२ सालीं हिंदुधर्म स्वीकारून सत्यानंद झालेले स्टोक्स १९४६ सालीं निवर्तले. आज हिमाचल प्रदेशांत लाखाहून अधिक कुटुंबांचा संसार या फळावर चालतो. मात्र हिंवाळे ऊबदार होत चालल्यानें बागा अधिकाधिक उंचावर सरकत आहेत, आणि पुष्कळशा मालाचा भाव दूर दिल्लीच्या आझादपूर मंडईंत, अडत्याच्या गाळ्यावर ठरतो. पाठीवरची बेगार गेली; पिकविलेल्या फळाचें मोल ठरविण्याचा अधिकार मात्र पिकविणाराच्या हातीं अद्याप पुरता आलेला नाहीं.