अंगावरून वारे गेले : पक्षाघाताचा इतिहास आणि आपण

बीड जिल्ह्यातील धर्मापुरी हे गाव लहान खरे, पण त्याचा भूतकाळ मोठा आहे. कल्याणीच्या चालुक्यांच्या काळातले केदारेश्वराचे मंदिर तेथे आजही उभे आहे. त्याच टापूत परळीचा वैद्यनाथ आहे, म्हणजे नावानेच वैद्यांचा नाथ. आणि आद्यकवी मुकुंदराजांच्या समाधीने पावन झालेली अंबाजोगाईही आहे. अशा या भागात एखाद्या घरचा कर्ता माणूस पहाटे उठता उठता एका अंगावर कोसळतो, त्याचे तोंड वाकडे होते, जीभ जड होते, आणि जमलेली माणसे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेले एकच वाक्य बोलतात : ‘अंगावरून वारे गेले.’

या तीन शब्दांत रोगाचे वर्णन आहे, तशीच त्यासंबंधीची एक समजूतही आहे. वारे बाहेरून येते, कोणावरून जाईल याचा नेम नसतो आणि गेलेले वारे परत बोलावता येत नाही. म्हणजे जे झाले त्यास कोणी जबाबदार नाही आणि त्यावर इलाजही नाही. आज आम्हांस या समजुतीचा इतिहास पाहावयाचा आहे. तो पाहिला म्हणजे दोन गोष्टी ध्यानात येतात. पहिली ही की, हा रोग बहुतेक वेळा आगाऊ वर्दी देऊन येतो. फक्त ती वर्दी ऐकण्याचे साधन माणसाला फार उशिरा मिळाले. दुसरी ही की, झटका येऊन गेला म्हणजे आयुष्य संपले असे नव्हे.

‘वारे’ हा शब्द आपल्याकडे कोठून आला, हे सांगावयास नकोच. आयुर्वेदाने या रोगाची गणना वातव्याधींत केली. पण प्राचीन वैद्यांचा वात बाहेरून झोंबणारा वारा नव्हे. तो शरीरातलाच, तो बिघडला म्हणजे एका बाजूच्या शिरा व स्नायू निकामी होतात, अशी त्यांची मांडणी होती. चरकाने चिकित्सास्थानात वातव्याधींना स्वतंत्र अध्याय दिला. सुश्रुताचे म्हणणे तर आजही विचार करावयास लावणारे आहे. पक्षाघाताचा कोणता रोगी हाती घ्यावा, हे सांगताना तो म्हणतो की, ज्याचे अंग सुकलेले नाही, ज्याला वेदना कळते, ज्याचे मन खंबीर आहे आणि जो ‘उपकरणवान’ आहे, म्हणजे ज्याच्यापाशी उपचाराची साधनसामग्री आहे, त्याचा उपचार करावा. आणि तो तीन-चार महिने नेटाने चालवावा. आजचे शास्त्रही सांगते की, गेलेली शक्ती परत येण्याचा मुख्य काळ पहिल्या तीन ते सहा महिन्यांचा असतो. त्या वैद्यांस मेंदूतील रक्तवाहिनीची कल्पना नव्हती. पण निरीक्षण पक्के होते. ‘उपकरणवान’ हा शब्द मात्र श्रोत्यांनी मनात ठेवावा. त्याच्याकडे आम्हांस पुन्हा यावयाचे आहे.

ग्रीकांकडेही या रोगाबद्दल निराशाच होती. जोराचा झटका बरा करणे अशक्य आणि सौम्य झटका बरा करणेही सोपे नाही, असा हिपोक्रेटिसच्या परंपरेचा अभिप्राय होता. पुढे दोन हजार वर्षे युरोपातील वैद्य कफ, पित्त आणि वाफा यांच्याच भाषेत बोलत राहिले. कोंडी फुटली ती १६५८ मध्ये. स्वित्झर्लंडमधील शाफहाउझेन गावच्या योहान याकोब वेफर या वैद्याने झटक्याने मेलेल्या माणसांची शवे उघडून पाहिली. काहींच्या मेंदूत त्यास रक्त साठलेले आढळले. आणि मेंदूकडे जाणारी वाहिनी बंद झाली तरी हाच रोग होतो, हेही त्याने मांडले. वाहिनी फुटते किंवा वाहिनी तुंबते, हे या रोगाचे दोन मुख्य प्रकार तेव्हा प्रथम स्पष्ट झाले. वारे नव्हते, रक्त होते.

पण कारण कळले तरी वर्दी कळली नव्हती. वाहिनी फुटते ती का? तुंबते ती का? याचे एक मोठे उत्तर रक्ताच्या दाबात होते, आणि हा दाब डोळ्यांस दिसत नाही, नाडीवरही धड कळत नाही. १८९६ मध्ये इटलीच्या रिवा-रोची यांनी दंडाला गुंडाळावयाची रबरी पट्टी काढली आणि १९०५ मध्ये रशियाच्या कोरोत्कॉफ यांनी पट्टीखाली नळी लावून आवाज ऐकण्याची रीत घालून दिली. दवाखान्यात दाब मोजण्याची जी पद्धत आपण लहानपणापासून पाहिली, ती या दोघांची. माणूस धडधाकट दिसत असतानाच त्याच्या मेंदूवरचे संकट आता आकड्यांत वाचता येऊ लागले.

तरीही पुढची ४०-५० वर्षे हा आकडा वाचून करावयाचे काय, हे कोणास ठाऊक नव्हते. अमेरिकेचे अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांचे उदाहरण प्रसिद्ध आहे. महायुद्धाची सूत्रे ज्यांच्या हाती, जगातले उत्तमोत्तम वैद्य ज्यांच्या दिमतीस, त्यांचा रक्तदाब वर्षानुवर्षे चढत गेला. १२ एप्रिल १९४५ रोजी मेंदूत रक्तस्राव होऊन वयाच्या ६३ व्या वर्षी ते गेले. त्या दिवशी त्यांचा रक्तदाब ३०० वर १९० असा मोजला गेला होता. वर्दी स्वच्छ वाचता येत होती. पण हाती उपयोगी औषध नव्हते. त्या दिवशी रूझवेल्ट आणि धर्मापुरीचा एखादा शेतकरी यांच्यात, औषधापुरते पाहिले तर, काही अंतर नव्हते.

आणि येथे आपल्या मुंबईचा संबंध येतो. सर्पगंधा ही आपल्या रानातली वनस्पती. तिचे मूळ वेड, निद्रानाश, सर्पदंश अशा नाना गोष्टींवर देशी वैद्य देत आले होते. १९३१ मध्ये कलकत्त्याचे गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी रक्तदाबावरील तिच्या उपयोगाबद्दल लिहिले. मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी तिचा पद्धतशीर पडताळा घेतला आणि १९४९ मध्ये ५० रोग्यांवरील आपला अनुभव ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’ या नियतकालिकात प्रसिद्ध केला. त्या लेखाने पश्चिमेचे डोळे उघडले. १९५२ मध्ये स्विस शास्त्रज्ञांनी या मुळातून रेसर्पिन हे द्रव्य वेगळे केले, आणि १९५७ मध्ये वकिलांना अमेरिकेतील मानाचे लास्कर पारितोषिक मिळाले.

पण रक्तदाब उतरला म्हणून पक्षाघात टळतो, हे कशावरून? अमेरिकेतील माजी सैनिकांच्या इस्पितळांनी ही गोष्ट तपासली. एका गटास खरे औषध, दुसऱ्यास नुसती दिसायला तशीच गोळी. खऱ्या औषधांत तीन द्रव्ये होती, आणि त्यांतले एक आपल्या सर्पगंधेचे रेसर्पिन होते. १९७० मध्ये ३८० रोग्यांचा हिशेब प्रसिद्ध झाला. नुसती गोळी घेणाऱ्यांत मेंदूच्या झटक्याचे २० रोगी निघाले. औषध घेणाऱ्यांत ५. रेसर्पिनने काहींचे मन खिन्न होते, म्हणून पुढे त्याहून चांगली औषधे आली आणि त्याचे नाव मागे पडले. पण वाऱ्यास बांध घालता येतो, ही गोष्ट सिद्ध करण्यात या भूमीतील एका मुळाचा वाटा आहे, हे विसरू नये.

आता झटका आल्यानंतरच्या उपचाराकडे वळू. वाहिनी फुटली आहे की तुंबली आहे, हे जिवंत माणसात बाहेरून ओळखणे फार कठीण. ही अडचण १९७१ मध्ये सुटली. त्या वर्षी लंडनच्या एका इस्पितळात गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांच्या यंत्राने प्रथम एका रोग्याच्या मेंदूची क्ष-किरणांनी आडवी चित्रे घेतली. आज ज्याला आपण सी.टी. स्कॅन म्हणतो तो हाच. १९९५ मध्ये अमेरिकेतील मोठ्या चाचणीत आढळले की, तुंबलेल्या वाहिनीतील गाठ विरघळविणारे औषध तीन तासांच्या आत शिरेतून दिले, तर पुढे अपंगत्वावाचून राहणाऱ्यांचे प्रमाण वाढते. २००८ मध्ये ही मुदत साडेचार तासांपर्यंत वाढली. २०१५ पासून मोठी वाहिनी तुंबली असल्यास बारीक नळी घालून गाठ बाहेर काढण्याची पद्धतही प्रस्थापित झाली. पण फुटलेल्या वाहिनीच्या रोग्यास गाठ विरघळविणारे औषध दिले तर ते प्राणावर बेतते. म्हणून आधी चित्र, मग औषध. घरी किंवा वाटेत कोणीही अंदाजाने कसलीच गोळी देऊ नये, ती एवढ्यासाठी.

मुख्य वाहिनी तुंबली असता मिनिटाला सुमारे १९ लाख मेंदूपेशी मरतात, असा एक हिशेब २००६ मध्ये मांडला गेला. हा हिशेब डोळ्यांपुढे ठेवून आमच्याकडील नेहमीचे दृश्य पाहा. पहाटे माणूस पडतो. कोणी तेल चोळतो, कोणी पारव्याचे रक्त लावावयास सांगतो, कोणी अमक्या गावी वाऱ्याचे औषध मिळते म्हणून जीप ठरवितो. दुपारी थोरला मुलगा परगावाहून आल्यावर इस्पितळाचा विचार निघतो. या सर्वांच्या मायेबद्दल आम्हांस शंका नाही. पण ज्या साडेचार तासांसाठी शास्त्राने तीनशे वर्षे खर्च केली, ते आम्ही अंगणातच घालवितो.

आणि जो वाचतो त्याचे पुढे काय? मुंबईत २००५ आणि २००६ या दोन वर्षांत डॉ. दलाल व त्यांच्या सहकाऱ्यांनी सुमारे दीड लाख वस्तीची पाहणी केली. वर्षाला दर लाखामागे सुमारे १४५ नवे झटके त्यांना आढळले. पहिल्याच झटक्याच्या रोग्यांपैकी जवळजवळ ३० टक्के २८ दिवसांच्या आत दगावले. जे जगले त्यांच्यापैकी ३८ टक्क्यांहून अधिकांस मध्यम ते तीव्र अपंगत्व राहिले. हे मुंबईचे आकडे, जेथे इस्पितळे हाकेच्या अंतरावर आहेत. पण याच आकड्यांची दुसरी बाजूही आहे. जगलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक माणसे पुन्हा आपल्या पायांवर उभी राहिली.

या दुसऱ्या बाजूचे एक उदाहरण आपल्या महाराष्ट्राच्या इतिहासात आहे. ११ मे १८८८ रोजी मुंबईत जोतीराव फुले यांना ‘महात्मा’ ही पदवी अर्पण झाली. त्याच वर्षी त्यांना अर्धांगवायूचा झटका आला आणि उजवे अंग गेले. वय ६१. डॉ. विश्राम रामजी घोले यांनी त्यांच्यावर उपचार केले. लिहिता हात निकामी झाला असता जोतीरावांनी डाव्या हाताने लिहावयास घेतले आणि ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक’ पुरे केले. उजवे अंग गेले की पुष्कळदा वाचाही जाते. पण शब्द त्यांना सोडून गेले नव्हते. २८ नोव्हेंबर १८९० रोजी ते वारले आणि पुस्तक १८९१ मध्ये प्रसिद्ध झाले. युरोपात लुई पाश्चर यांना १८६८ मध्ये, अवघ्या ४५ व्या वर्षी, झटका येऊन डावे अंग दुबळे झाले. पिसाळलेल्या कुत्र्याच्या विषावरील लस त्यांनी त्यानंतर १७ वर्षांनी, १८८५ मध्ये, माणसास टोचली.

पण या थोरांच्या कथेतून केवळ मनोधैर्याचा धडा घेणे पुरेसे नाही. जोतीरावांच्या दुखण्यात घरची ओढाताण इतकी झाली की, मामा परमानंदांना १८९० मध्ये बडोद्याच्या सयाजीराव महाराजांकडे मदतीसाठी लिहावे लागले. आणि जोतीरावांचा डावा हात लिहीत होता तेव्हा घर सांभाळणारे सावित्रीबाईंचे दोन्ही हात त्यामागे होते. आजही खेड्यात हा रोग होतो एकाला आणि खाटेशी बांधली जाते दुसरीच, म्हणजे बायको किंवा सून. कूस बदलणे, अंथरुणाच्या जखमा होऊ न देणे, हातापायांचा व्यायाम घेणे, हरवलेला एकेक शब्द परत शिकविणे, उदास झालेल्या मनास धीर देणे, दुसरा झटका येऊ नये म्हणून औषधाची वेळ चुकू न देणे : हे सारे औषधाइतकेच उपचार आहेत. मुंबईस हाजी अलीजवळ १९५५ मध्ये पुनर्वसनाची अखिल भारतीय संस्था निघाली. त्या विद्येतला थोडासा भाग जरी गावातल्या एका परिचारिकेस आणि घरच्या माणसांस कोणी शिकविला, तरी अनेक जण खाटेवरून ओट्यापर्यंत आणि ओट्यावरून शेतापर्यंत जातील.

येथे सुश्रुताचा तो शब्द पुन्हा आठवतो. ‘उपकरणवान’ कोण? त्या काळी ज्याच्यापाशी धन, औषधी आणि सेवक, तो. आज ही उपकरणे एकट्या घराची राहू नयेत, गावाची व्हावीत. त्यांतली काही आलीही आहेत. अंबाजोगाईस १९७४ मध्ये ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय निघाले. त्यास स्वामी रामानंद तीर्थांचे नाव आहे. २०१४ पासून १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मागविता येते. रक्तदाबाच्या साध्या गोळ्या स्वस्त आहेत. उणीव आहे ती या साधनांपर्यंत वेळेवर पोहोचण्याची. बीड जिल्ह्यातून हजारो माणसे दरवर्षी ऊसतोडीस जातात आणि चार-सहा महिने कोप्यांत काढतात. दाबाची गोळी गावात सुरू झाली आणि फडावर संपली, तर ती सुरू झाली नाही असेच समजावे. दुखत नाही म्हणून गोळी सोडणारा हा रूझवेल्टांपेक्षा दुर्दैवी. कारण त्यांना औषध मिळाले नाही, याने मिळालेले टाकले.

श्रोत्यांनी घरी जाताना तीन गोष्टी सोबत न्याव्यात. तिशी ओलांडलेल्या प्रत्येकाने वर्षातून एकदा तरी रक्तदाब मोजावा, चाळिशीनंतर अधिक वेळा, मधुमेह तपासावा, तंबाखू सोडावी आणि लोणचे, पापड, वरचे मीठ यांस आळा घालावा. ज्या मोठ्या इस्पितळात स्कॅनचे यंत्र रात्रंदिवस चालू असते त्याचे नाव आजच विचारून भिंतीवर लिहून ठेवावे. आणि कोणाचे तोंड वाकडे झाले, हात खाली पडला किंवा बोलणे अडखळले, तर प्रथम घड्याळ पाहावे, मग गाडी बोलवावी. लक्षणे थोड्या वेळात आपोआप गेली तरी जावेच. ती गेलेली लक्षणे म्हणजे मोठ्या झटक्याची वर्दी असू शकते.

केदारेश्वराचे मंदिर ज्यांनी बांधले त्यांना दगडाचा भार कोठे पेलवेल आणि कोठे दगड फुटेल, याचे नेमके ज्ञान होते. म्हणूनच ते इतकी शतके टिकले. शरीरातील वाहिन्यांवर किती भार पडतो, हे मोजण्याची विद्या आपल्यापाशी येऊन सव्वाशे वर्षे होत आली. यापुढे धर्मापुरीत कोणी कोसळला, तर ‘वारे गेले’ असे म्हणण्याआधी एखाद्याने ‘किती वाजले?’ असे विचारावे, एवढीच आमची इच्छा आहे.